सातऱ्यावरची परीक्षा

थंडी पडली की नागपूरजवळच्या कुहीच्या आसपास सातरे लागतात. सातरा म्हणजे उघड्या मैदानावर पसरलेली लाल मिरची आणि तिच्याभोवती दिवसभर देठ खुडत बसलेल्या बाया. त्या दिवसांत गावात कोणाला खरी सर्दी झाली आहे आणि कोणाला नुसता ठसका लागला आहे, हे ओळखता येत नाही. एसटीचा कंडक्टर शिंकत शिंकत तिकिटं देतो, लग्नाची बोलणी खोकत खोकत होतात, आणि शाळेतला नववीचा वर्ग अर्धा रिकामा होतो. पोरं येतात, पोरी येत नाहीत. त्या कुठे गेल्या हे कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांनाच माहीत असतं.

नंदिनी रामटेके त्या शाळेत विज्ञान शिकवायची. तिला तर विचारायची सोयच नव्हती. तिची नणंद रितिका त्याच नववीत होती, आणि रोज सकाळी सासू बायजाबाई रितिकाला पुढ्यात बसवून तिच्या बोटांना चिंध्या बांधताना नंदिनी चुलीपाशी बसून पाहायची. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या असायच्या. बोटाचं टोक आणि वरचं पेर पट्टीत घट्ट गुंडाळायचं आणि पट्टी दातांनी ओढून गाठ मारायची. तेवढं केलं नाही तर संध्याकाळपर्यंत नखांच्या मुळाशी आग पडते आणि जेवताना घास धरवत नाही.

"आई, हिले आठ दिवस तरी शाळेत येऊ द्या," नंदिनी म्हणायची.

"येईन ना. हंगाम सरू दे," बायजाबाई गाठ ओढत म्हणायच्या. "मिरची कोनासाठी थांबते का वं? शाळा तं बाराही मयने उघडी राह्यते."

बायजाबाई वाईट बाई नव्हती. नवरा गेल्यावर याच सातऱ्यावर बसून तिने दोन्ही लेकरांना वाढवलं. पोरगा प्रशिक आता नागपूरला बेसाकडच्या नव्या इमारतींत फरश्या बसवायचा आणि रविवारी घरी यायचा. शिकलेली सून हिनेच हौसेने आणली. फक्त हंगामात घरात दोन हात रिकामे बसलेले तिला बघवत नसत, मग ते हात नववीतले का असेनात.

शाळा मात्र थांबायला तयार नव्हती. मुख्याध्यापक नत्थूजी हटवार यांनी या वर्षी हजेरीपट उघडून टेबलावर ठेवला. "मॅडम, सहा पोरी. महिनाभर तोंड नाही दाखवलं. यांना मी वार्षिक परीक्षेला बसवणार नाही. नियम म्हणजे नियम."

नववीत राहिलेली पोरगी इकडे पुन्हा नववीत बसत नाही. तिला पाहायला पाहुणे येतात. हे हटवार सरांनाही ठाऊक होतं आणि नंदिनीलाही. सहाव्या नावावर तिची नजर अडकली. ते नाव रितिकाचं होतं.

"सर, मी मोबाइलवर पाठ देऊ का? सातऱ्यावर बसून ऐकतील," ती म्हणाली. "मी ते शिकूनच राहिली आहे."

ती दर शनिवारी नागपूरला एका कॉलेजात जायची. शिक्षकांसाठी तिथे ऑनलाइन कोर्स कसा बांधायचा, परीक्षा कशी रचायची, हे शिकवणारा वर्ग लागला होता. शाळेतून कोणी तरी जायला हवं होतं आणि बाकी सगळ्यांना शनिवारी नेमकी कामं निघाली, म्हणून नंदिनीचं नाव गेलं. पण तिला त्यात रस लागला. लहानपणापासून कोणतीही वस्तू उघडून आत काय आहे ते पाहायची तिला खोड होती. माहेरचं एक घड्याळ त्या खोडीत कायमचं गेलं.

हटवार सरांनी बराच वेळ चष्मा पुसला. "ठीक आहे. पाठ द्या. पण चाचणी शाळेच्या वेळेत, दुपारी बारा वाजता, वर्गातल्या पोरांच्या सोबतच. दहा प्रश्न, चार तरी बरोबर आले पाहिजेत. पास झाल्या तर तुमचे मोबाइलचे पाठ हजेरीत धरतो. नाही तर माझ्याकडे पुन्हा येऊ नका."

मग नंदिनी कामाला लागली. स्वयंपाकघरात दार लावून, अंगावर घोंगडी घेऊन ती पाठ बोलायची, म्हणजे आवाज घुमत नाही. नागपूरच्या वर्गात शिकवणारे अपूर्व सर तिच्याहून वयाने लहान होते आणि त्यांना प्रत्येक गोष्टीला "कशासाठी?" असं विचारायची सवय होती. पाठ किती लांबीचा असावा, असं त्यांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी मिनिटं सांगितली. नंदिनी म्हणाली, एक टोपली खुडून होईल एवढा. अपूर्व सर हसले नाहीत. त्यांनी टोपली केवढी असते ते विचारून घेतलं.

ध्वनीच्या पाठात शेजारचा कोंबडा मध्येच आरवला. तो काढून टाकायला तिला जमलं नाही, आणि पोरींना तोच पाठ सगळ्यांत आवडला. हात मिरचीत, कान फोनकडे, असा पंधरवडा गेला. रितिका रात्री भाकरी खाता खाता प्रतिध्वनीबद्दल बोलायची. शाळेत जिला मॅडम म्हणावं लागतं तिच्याशी घरी वहिनी म्हणून वाद घालता येतो, याची तिला मोठी गंमत वाटायची.

चाचणी बांधताना मात्र नंदिनीमधली मास्तरीण जागी झाली. एकाखाली एक चार पर्याय, अ ब क ड. उत्तराला बोट लागलं की लगेच पुढचा प्रश्न यायचा. मागे जाता येत नव्हतं. वर एक घड्याळ पळत राहायचं.

"मागे का जाऊ द्यायचं नाही?" अपूर्व सरांनी विचारलं.

"नक्कल करतील, सर."

"कोण?"

"पोरी. सगळ्या शेजारी शेजारी बसतात."

"करतात का?"

नक्कल करताना पकडलेली एकही पोरगी नंदिनीला आठवली नाही. तरी तिने कुलूप काढलं नाही. आपण बांधलेली ती पक्की चाचणी पुन्हा पुन्हा उघडून पाहताना तिला मनातून छान वाटत होतं.

चाचणी झाली. वर्गातली पोरं, ज्यांच्यापैकी निम्म्यांना ध्वनी म्हणजे डीजे एवढंच माहीत होतं, ती सगळी पास झाली. सातऱ्यावरच्या सहाही पोरी नापास झाल्या. रितिकाला दहापैकी तीन.

हटवार सरांनी शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, चहाचा कप खाली न ठेवता विचारलं, "मॅडम, घरचीच पोरगी नापास? मग बाहेरच्यांचं काय सांगावं!" कोणी तरी हसलं. नंदिनीही हसली, कारण तेव्हा दुसरं काही करता येत नव्हतं. नंतर ती नळावर जाऊन बराच वेळ हात धूत राहिली.

संध्याकाळी रितिका चुलीपाशी गुडघ्यांत मान घालून बसली होती. डोळे लाल होते, ते मिरचीने की रडून ते कळत नव्हतं.

"मले सगळं येत होतं वं वहिनी."

"मंग तीन कसे आले?"

"मले का माहीत! तू इचार ना काहीही."

नंदिनीने भाकरी थापता थापता एकेक प्रश्न विचारला. आवाज पोकळीतून जातो का? नाही. का नाही? कंपनं कशातून तरी गेली पाहिजेत म्हणून. पाच सहा प्रश्न झाले, पोरगी अडली नाही. तव्यावरची भाकरी करपली. नंदिनीच्या मनात एक ओंगळ शंका येऊन गेली, की चाचणी संपल्यावर कोणाकडून उत्तरं कळली असतील. आणि ती आली याची तिला त्याच क्षणी लाज वाटली.

"त्या फोनलेच अक्कल नसन," बायजाबाई पाटावरून म्हणाल्या. "जाऊ दे. नाही जमत तं नाही जमत. खाडगावची मानसं इचारून राह्यली हायेत हिच्यासाठी."

रितिकाने मान वर केली. नंदिनीने तवा उतरवला.

पुढच्या शनिवारी नंदिनीने तो निकाल अपूर्व सरांपुढे ठेवला आणि सरळ सांगून टाकलं की माझा कोर्स फसला.

"किती बरोबर आले ते थोडं बाजूला ठेवा," ते म्हणाले. "चूक काय निवडलं ते पाहिलं का? चुकलेली उत्तरंही काही तरी सांगतात."

हे तिने पाहिलं नव्हतं. तिने रितिकाची उत्तरं उघडली. जिथे बरोबर उत्तर अ होतं, तिथे ब. जिथे ब, तिथे, एखाददुसरा प्रश्न सोडला तर, क. जिथे क, तिथे ड. आणि जिथे बरोबर उत्तर ड होतं, तिथे बरोबर ड. तिने सातऱ्यावरच्याच मिनलची उत्तरं उघडली. मिनलचं सगळंच विस्कळीत होतं. रीनाची उघडली, तर पुन्हा तेच. एक पायरी खाली, एक पायरी खाली, आणि शेवटच्या पायरीवर बरोबर.

नक्कल असती तर सगळ्यांचं सारखं आणि बरोबर आलं असतं. न येणारी पोरगी कुठेही बोट ठेवते. पण येणारी पोरगी नेमकं एक घर खाली का उतरेल?

"कोर्समध्ये बिघाड असेल?" तिने विचारलं.

"मग पोरांचंही चुकलं असतं." अपूर्व सर खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले आणि पडद्याकडे पाहत राहिले. "मला नाही कळत, मॅडम. खरंच नाही कळत. पोरी परीक्षा देतात ती जागा तुम्ही पाहिली आहे का?"

आठ वर्षं नंदिनी त्या घरात नांदत होती. सातऱ्याच्या कडेने रोज शाळेत जात होती, पदर नाकाला लावून. पण आत जाऊन बसली नव्हती. मास्तरीण सून सातऱ्यावर बसणार नाही, हे बायजाबाईंनी लग्नातच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी तिने रितिकाच्या शेजारी बसून हात पुढे केला. "मलेही बांधा, आई."

"काहून? लोकं का म्हनतीन?"

"म्हनू द्या."

बायजाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग पट्टी फाडली. सुनेची बोटं त्यांनी जरा जास्तच जपून बांधली.

सातऱ्यावर ऊन वर येईपर्यंत थंडी होती आणि नंतर एकदम आग. खालून मिरचीची, वरून उन्हाची. नंदिनीला आधी शिंका आल्या, मग डोळ्यांना धार लागली, मग गळ्यात काही तरी अडकून बसलं ते दिवसभर गेलं नाही. डाव्या हाताने मिरची उचलायची, उजव्याने देठ मोडायचा, टोपलीत टाकायची. बाजूची रीना बोलता बोलता तिच्या तिप्पट खुडत होती. चिंध्या असूनही तिखट आत शिरत होतंच. दुपारी तिच्या बोटांची अशी आग झाली की तिला प्रशिकची आठवण आली. तो दुपारच्या बसने यायचा होता. तिने फोन मांडीवर घेतला. चिंध्या सोडायच्या तर पुन्हा कोण बांधणार, म्हणून तशाच बोटाने तिने यादीत सगळ्यांत वर असलेल्या प्रशिकच्या नावावर बोट टेकवलं आणि फोन कानाला लावला.

"अहो, येताना खोबरेल तेल घेऊन या. माह्ये हात लय जळून राह्यले."

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज. "मॅडम? मी हटवार बोलतो. कशाचं तेल?"

नंदिनीने फोन कानापासून काढून डोळ्यांपुढे धरला. यादीत वर प्रशिक. त्याच्या खाली हटवार सर, त्यांचा काल संध्याकाळी फोन आला होता. तिने आपलं बोट पाहिलं. टोकाला चिंधी, वरच्या पेरापर्यंत. तिथून खाली उघडी कातडी. चिंधीचं टोक तिने प्रशिकवरच ठेवलं होतं. पण फोनला चिंधी कळतच नाही. त्याला कळली ती चिंधीच्या खालची कातडी, आणि ती टेकली होती एक घर खाली.

"रितिका!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की सातऱ्यावरच्या सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या. "परीक्षेत चिंध्या सोडल्या होत्या का तू?"

"कशा सोडीन? वर घड्याळ पळून राह्यलं होतं ना! शेवटच्या ड-ले तं बोट लागेच नाही, वर सरकवून पुन्हा लावा लागे."

"मॅडम, काय झालं? साप निघाला का?" फोनमधून हटवार सर विचारत होते.

"नाही सर. चुकून लागला फोन," नंदिनी म्हणाली, आणि लगेच, "नाही, चुकून नाही. सर, उद्या बारा वाजता अर्धा तास सातऱ्यावर येता का? हात जोडते."

सोमवारी हटवार सर नाकाला रुमाल बांधून स्कूटरवर आले. पोती उलटी करून त्यांच्यासाठी बसायला केलं. नंदिनीने झालेली चाचणी उघडून त्यांच्यासमोर धरली. "सर, तुम्ही सोडवा. फक्त आधी हात इकडे द्या."

"हे काय चाललंय?"

"द्या जी सर, हात," बायजाबाई पट्टी दातात धरून म्हणाल्या, आणि सरांना काही सुचायच्या आत दोन बोटं बांधूनही झाली.

वीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस. त्यांनी प्रश्न वाचले, तोंडाने "हं, सोपं आहे" असं म्हणत भराभर बोट टेकवलं, आणि शेवटी पडद्यावर आकडा आला. दोन. सहा पोरी श्वास रोखून उभ्या होत्या. त्यांच्यापैकी कोणीही हसलं नाही, आणि हे त्यांना फार कठीण गेलं असणार.

"फोन खराब आहे तुमचा," सर म्हणाले.

नंदिनीने त्यांच्या बोटांची चिंधी सोडली आणि चाचणी पुन्हा दिली. या वेळी दहा आले.

"फोन बरा आहे सर," ती म्हणाली. "चूक माझी होती. मी नकलेच्या भीतीने घड्याळ लावलं, मागचं दार बंद केलं. मी परीक्षा बोटांची घेतली, पोरींची घेतलीच नाही."

हटवार सरांना मोठा ठसका लागला. पाणी आणलं, पाठ थोपटली. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी त्या सहा जणींच्या हातांकडे पाहिलं, एकेकीच्या, नीट. मग स्कूटरला किक मारता मारता म्हणाले, "पुन्हा घ्या. पण बारालाच."

नंदिनीने चाचणी उलगडून पुन्हा बांधली. पर्याय मोठे केले, दोहोंमध्ये बोटभर जागा सोडली. निवडलेलं उत्तर ठळक दिसायचं आणि खाली विचारलं जायचं, हेच का? घड्याळ काढून टाकलं. मागे जायची वाट उघडी ठेवली. अपूर्व सरांना तिने हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ती चिंधी पुढच्या शनिवारी घेऊन या, सगळ्यांना बांधू.

दुसऱ्या चाचणीत पाच पोरी पास झाल्या. मिनलला पुन्हा तीनच मिळाले.

"आता हिचं काय? पुन्हा चिंधी?" हटवार सरांनी विचारलं.

"नाही सर. हिला खरंच येत नाही. मी तिला शिकवते, मग तिची पुन्हा घ्या."

सरांनी हजेरीपट ओढला आणि पाचही नावांपुढे सही केली. मिनलच्या नावापुढे पेन्सिलने एक टिंब केलं आणि पेन्सिल तिथेच ठेवली.

रितिकाला आठ मिळाले होते. घरात आनंद व्हायचा, तर ती भांडायला बसली. "विजेचा प्रश्न मागच्या खेपेले बरोबर आला होता माहा! आता चूक काहून देला?"

नंदिनीने पाहिलं. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून ऐकू येतो, कारण काय? रितिकाने अ निवडलं होतं, ढग दूर असतात. बरोबर होतं ब, प्रकाश आवाजापेक्षा वेगाने जातो.

नंदिनीला हसू फुटलं. "मागच्या खेपेले तूनं अ-लेच बोट लावलं होतं. चिंधीनं ब लावलं. ते मार्क चिंधीचे होते. ही चूक तुही हाये."

"मंग ढग का दूर नसतात?"

"असतात."

"मंग माहं चूक कसं?"

नंदिनीने प्रश्न पुन्हा वाचला. दूर आहे म्हणूनच तर वेळ लागतो. पोरीचं अगदीच चूक नव्हतं, अर्धवट होतं. प्रश्नच पुन्हा लिहायला हवा, तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराने तिला परीक्षेच्या निकालापेक्षा जास्त हुरूप आला.

"उद्या सकाळी दाखवतो तुले," ती म्हणाली.

सकाळी दोघी अंगणाच्या कडेला उभ्या होत्या. दोन शेतांपलीकडे गावातला देवाजी बैलांचा खुंटा ठोकत होता. त्याचा घण खाली आलेला दिसायचा, खुंट्यावर बसायचा, आणि मग, घण पुन्हा वर उचलला जात असताना, आवाज यायचा. ठक्.

"थांब, थांब," रितिका कुजबुजली. "पुन्हा पाहू दे." तिचं तोंड उघडं राहिलं होतं. "घण तं एकच हाये. दोन्ही संगच निंघते ना वं? अन् आवाज मांगं पडते!"

"का पाहून राह्यल्या वं दोघी?" बायजाबाई पट्ट्या घेऊन बाहेर आल्या. त्याही क्षणभर डोळ्यांवर हात धरून उभ्या राहिल्या. ठक्. ओट्यावर बसून त्यांनी रितिकाला पुढ्यात घेतलं आणि रोजच्यासारखी बोटं बांधायला सुरुवात केली. डावा हात झाला. उजव्या हाताचा अंगठा झाला. अंगठ्याशेजारचं बोट त्यांनी हातात धरलं, उलटसुलट करून पाहिलं आणि सोडून दिलं. मग पुढची तिन्ही बांधली.

"आई, हे राह्यलं," रितिका म्हणाली.

"राहू दे तसंच. याले मिरची लावजो नको." बायजाबाईंनी उरलेली पट्टी घडी करून कमरेला खोचली. "हे बोट शाळेचं हाये."